जुन्या मोबाईलमधलं आभाळ

 

दर वेळी मी गटाच्या कामाचं बोलते. हप्ता, व्याज, बँकेची फाईल, पापड-शेवयांची विक्री. आज विषय वेगळा आहे. आज बोलायचंय आभाळाबद्दल, आणि घराघरात पडून असलेल्या जुन्या मोबाईलबद्दल. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. तेच सांगते.

आपल्या घरात एक तरी जुना मोबाईल असतोच. काचेला तडा गेलेला, सिम काढून घेतलेलं, बॅटरी अर्ध्या दिवसात उतरणारी. गावात फेरीवाला येतो, दोन जुने मोबाईल घेतो आणि एक प्लास्टिकचं टोपलं देतो. टोपलं हातात आलं की आपण खूश. पण तो मोबाईल देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो सुरू होत असेल, तर त्यात एक अख्खं तारांगण मावतं.

तारांगण म्हणजे गोल घुमटाची खोली. अंधार करतात आणि घुमटावर यंत्राने चांदण्या दाखवतात. पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण सुरू झालं. मुंबईला वरळीत नेहरू तारांगण १९७७ साली उघडलं. परभणीहून मुंबई म्हणजे रेल्वेचा रात्रभराचा प्रवास. घरातल्या चौघांनी जायचं म्हटलं तर तिकीट, राहणं, खाणं, सगळा हिशोब आला. म्हणून आपल्यापैकी बहुतेकींनी तारांगण पाहिलेलं नसतं.

ते तारांगण हातात मावेल एवढ्या यंत्रात कुणी आणलं? मोठ्या कंपन्यांनी नव्हे. हौशी माणसांनी. आणि त्यांनी ज्या यंत्रात ते आणलं, ते यंत्र आज बाजारात मिळतही नाही.

१९९६ साली अमेरिकेत 'पायलट' नावाचा एक हातातला कॉम्प्युटर निघाला. पुढे लोक त्याला 'पाम' म्हणूनच ओळखायला लागले. तळहातावर बसेल एवढा. फोन नव्हता तो. पत्ते लिहायचे, तारखा लिहायच्या, हिशोब लिहायचा, यासाठी होता. पडद्यावर रंग नाहीत. उभे १६० आणि आडवे १६० ठिपके, एवढाच पडदा. रिमोटमध्ये घालतो तसे दोन बारीक सेल घातले की आठवडे चालायचा. आणि पहिल्या यंत्राची साठवण किती, तर १२८ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर सकाळी येतो ना, फुलांचा 'सुप्रभात', तसा एखादा फोटोच ते यंत्र भरून टाकायला पुरे.

आता एवढ्याशा जागेत आभाळ कसं मावलं? चांदणी साठवायला तिचा फोटो लागत नाही. ती आभाळात कुठे आहे हे सांगायला दोन आकडे लागतात, आणि किती तेजस्वी आहे हे सांगायला एक. झालं. नुसत्या डोळ्यांना दिसतील असे तारे साऱ्या आभाळात मिळून नऊ हजारांच्या आसपास आहेत. आपल्या शेतात अमावस्येला उभं राहिलं तर एका वेळी त्यातले फार तर अडीच-तीन हजार दिसतात. म्हणजे सगळा मामला काही हजार ओळींच्या नोंदवहीचा. गटाच्या वहीत जसं नाव, बचत, कर्ज असे रकाने असतात, तसे इथे ताऱ्याचे रकाने.

मग त्या वहीवर हिशोब चालतो. गाव कोणतं, तारीख कोणती, वाजले किती, हे तीन सांगितले की यंत्र मोजून सांगतं की आत्ता कोणता तारा कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर आहे. चंद्र, शुक्र, गुरू हे जागा बदलतात, त्यांची चाल काढायची सूत्रं शास्त्रज्ञांनी आधीच मांडून ठेवलेली होती. हौशी खगोलप्रेमींनी ती सूत्रं या छोट्या यंत्रात बसवली. दिवसा नोकरी करायची, रात्री प्रोग्राम लिहायचा आणि इतरांना वापरायला द्यायचा. कुणी थोडे पैसे घेतले, कुणी फुकट वाटला. दुर्बीण घेऊन गावाबाहेर अंधारात जाणारी मंडळी हे यंत्र खिशात ठेवायला लागली.

आपल्या देशातही असा एक हातातला कॉम्प्युटर झाला होता. त्याचं नाव 'सिम्प्युटर'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि तिथल्याच एका कंपनीतले इंजिनिअर यांनी मिळून तो आखला. २००१ साली त्याचा नमुना लोकांपुढे आला, २००४ साली तो बाजारात आला. त्यामागचा विचार ऐकला तर तुम्हाला आपला वाटेल. एकेका बाईला यंत्र परवडणार नाही, तर गावाने मिळून एक घ्यायचं. प्रत्येकीचं स्वतःचं एक कार्ड. कार्ड घातलं की तिची माहिती उघडणार, काढलं की मिटणार. वाचता येत नसेल तर यंत्र आपल्याकडच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवणार. हा बचत गटाचाच विचार झाला की नाही? पण किंमत दहा हजारांच्या आसपास गेली, आणि तेवढ्यात मोबाईल स्वस्त झाले. सिम्प्युटर मागे पडला आणि बंद झाला.

पामचंही तेच झालं. २०१० साली एका मोठ्या कंपनीने पाम विकत घेतली आणि २०११ साली ती यंत्रं बनवणं थांबवलं. यंत्र गेलं. पण त्यात हौशी लोकांनी घातलेलं आभाळ गेलं नाही. आजच्या कॉम्प्युटरला जुन्या पामचं सोंग घ्यायला लावणारे प्रोग्राम लोकांनी तयार केलेत, आणि ते तीस वर्षांपूर्वीचं काळं-पांढरं आभाळ त्यात अजून उघडतं. आजची तारीख घातली तरी चंद्र बऱ्यापैकी जागेवर सापडतो.

या दोन यंत्रांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. गटाच्या नोंदी ठेवायला आपल्याकडेही वेगवेगळी यंत्रं येतात आणि जातात. यंत्र कुणाचं तरी असतं, ते एक दिवस बंद होतं. त्यातलं ज्ञान कुणाकुणाला दिलेलं असलं, तरच ते मागे राहतं.

आता आपल्या कपाटातल्या मोबाईलकडे येऊ. 'स्काय मॅप' नावाचं एक ॲप आहे. गूगलमधल्या काही इंजिनिअरांनी ते २००९ साली बनवलं. २०१२ साली त्याची सगळी मांडणी सर्वांसाठी खुली केली, आणि त्यानंतर स्वयंसेवक मंडळी ते सांभाळतात. फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. दुसरं आहे 'स्टेलेरियम'. एका फ्रेंच तरुणाने २००० साली हौसेने लिहायला घेतलं आणि आज जगभरातली माणसं त्यात भर घालतात. कॉम्प्युटरवर ते पूर्ण फुकट मिळतं. तुमच्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर असेल तर गुरुजींना, मॅडमना सांगून तिथे घालता येईल. मोबाईलवरचं स्टेलेरियम वेगळं आहे, त्यात काही सोयींना पैसे मागतात. ते घ्यायची गरज नाही.

करायचं कसं, ते सांगते. लेकीला शेजारी बसवा. जुना मोबाईल चार्ज करा. पण त्याची पाठ फुगलेली असेल तर तो अजिबात चार्जिंगला लावू नका, ती बॅटरी पेट घेऊ शकते. पाठ सपाट असेल तर दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन ॲप उतरवून घ्या. सिमची गरज नाही. मग तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते बघा. घड्याळ तासभर चुकलं तर सगळं आभाळ तासभर सरकतं. ठिकाण आपोआप आलं नाही तर हाताने घाला. परभणीसाठी उत्तर अक्षांश १९.२७ आणि पूर्व रेखांश ७६.७७. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कुठेही असा, याने फारसा फरक पडत नाही.

स्वस्त मोबाईलमध्ये काही वेळा दिशा ओळखणारा भाग नसतो. मग मोबाईल फिरवला तरी चित्र फिरत नाही. काळजी करू नका, बोटाने सरकवायचं. ॲपमध्ये रात्रीसाठी लाल पडदा करायची सोय असते, ती सुरू करा. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिल्यांदा ध्रुव शोधा. आपल्याकडे ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की तेवढी उंची होते. मग शुक्राची चांदणी. जात्यावर बसायच्या वेळी आपल्या आज्या तिच्यावरून उठायच्या. ती चांदणी म्हणजे तारा नाही, ग्रह आहे. तो सूर्याजवळ फिरतो, म्हणून कधी पहाटे दिसतो, कधी सांजेला, आणि मध्यरात्री कधीच नाही. आज्यांना हे सूत्र मांडता येत नसेल, पण शुक्र पहाटेचा कधी आणि सांजेचा कधी, हे त्यांना ठाऊक होतं.

आता जे मला खास सांगायचंय, ते मृगाचं. 'मृग लागला' हे आपण दर वर्षी म्हणतो, ७ किंवा ८ जूनला. पण त्या दिवसांत आभाळात मृग कुणी पाहिलाय का? पाहणं शक्यच नाही. नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्य जिथे, तिथे दिवस. मृगाचे तारे जूनमध्ये सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. उजेडात ते दिसणार कसे?

ॲपमध्ये ते दिसतात. घरात बसून करा, सूर्याकडे बघायचं नाही आणि मोबाईलही सूर्याकडे धरायचा नाही. तारीख ८ जून करा, वेळ दुपारची. स्टेलेरियममध्ये वातावरण बंद करायचं बटण आहे. ते दाबलं की निळा उजेड नाहीसा होतो आणि भर दुपारी चांदण्या दिसायला लागतात. स्काय मॅपमध्ये तर दिवसाही चांदण्या दाखवलेल्याच असतात. सूर्याची जागा शोधा. त्याच्या शेजारी चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि मधोमध एका ओळीत तीन तारे. चौकोन म्हणजे मृगाचे पाय आणि ते तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण.

आता तारीख सहा महिने पुढे न्या. मार्गशीर्ष. आपण ज्या महिन्यात गुरुवार धरतो, घट मांडतो, कहाणी वाचतो, तो महिना. या महिन्याचं नावच मुळी मृगशीर्षावरून पडलंय, कारण त्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्षाच्या जवळपास असतो. चंद्र पूर्ण असतो तेव्हा तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणून जूनमध्ये जिथे सूर्य होता, तिथे मार्गशीर्षात पौर्णिमेचा चंद्र येतो. चैत्र चित्रेवरून, कार्तिक कृत्तिकेवरून, माघ मघेवरून. महिन्यांची नावं रोज तोंडात असतात, पण ती आभाळात बघून ठेवलीत, हे पडद्यावर पाहिल्यावर मनात पक्कं बसतं.

यात आपल्या पोटापाण्याचीही गोष्ट आहे. मृग लागणं हे सूर्याच्या जागेवरून ठरतं, ढगांवरून नाही. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, घोडा. ते वाहनही नक्षत्रांच्या मोजणीवरून काढतात. ७-८ जूनला सूर्य तिथे पोचणार म्हणजे पोचणार. पाऊस पोचेलच असं नाही. शिवाय ही तारीखही कायमची नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. पाचशे वर्षांत आठवडाभर.  ऋतू मात्र त्या बरोबर सरकत नाहीत.

मृगाचा एक शिडकावा पडला की आपण सोयाबीनच्या पिशव्या फोडतो. पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते. तेव्हा पहिल्या बियाण्याचं कर्ज गटाच्या वहीत तसंच असतं आणि दुसऱ्यासाठी बाई पुन्हा अर्ज घेऊन येते. कृषी विद्यापीठ दर वर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हे घरी मोजता येतं. सरळ कडांचा एक डबा अंगणात मोकळ्यावर ठेवा. पाऊस झाला की शाळेची पट्टी घालून मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. बेरीज साडेसात सेंटिमीटरच्या वर गेली की मग पेरणीचं बोला. नक्षत्र आभाळात बघा, पाऊस डब्यात बघा. दोन्ही आपल्या हातातलं आहे.

ग्रहणाचंही तसंच. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. आपल्याकडून ते खंडग्रास, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकलेला असेल. कधी सुरू होणार, किती झाकणार, हे ॲप आजच दाखवतं. जी सावली इतकी आधी मिनिटावर मोजता येते, तिच्या भीतीने पोटुशी बाईला भाजी चिरू न देणं, पाणी पिऊ न देणं, हे थांबवायला हवं. ग्रहण लागलेल्या सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, एवढी एकच काळजी घ्यायची, आणि ती सगळ्यांनीच.

शेवटचं सांगते. ॲप उघडलं की त्यात परदेशी चित्रं दिसतात. अस्वल, शिकारी, विंचू. आपल्याकडे उन्हाळ्यात माळवदावर झोपल्यावर आजी सप्तर्षी कसे दाखवायची? चार तारे म्हणजे बाज, आणि मागचे तीन म्हणजे तीन चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड वस्त्यांत फिरून जुन्या माणसांना आभाळाविषयी विचारलं आणि २०१३ साली ते छापलं. तिथेही ही बाज आणि हे चोर भेटले. पुढे त्यांनी कोलाम आणि बंजारा समाजाकडचं आभाळही लिहून काढलं. बंजारा तांडे तर आपल्या जिंतूर भागात आहेत.

स्टेलेरियममध्ये कुठल्याही समाजाला आपलं आभाळ घालता येतं. कोणता तारा कोणत्या ताऱ्याला जोडायचा आणि त्याला नाव काय, एवढं साध्या फाईलमध्ये लिहायचं असतं. कॉलेजात जाणारी आपली एखादी लेक हे शिकू शकेल. पण तिने लिहायचं काय, हे सांगणाऱ्या आज्या आता थकल्यात. कंपनी बंद पडली तेव्हा पाममधलं आभाळ राहिलं, कारण कुणीतरी ते आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. आजीजवळचं आभाळ आपण अजून मागितलेलंच नाही.

म्हणून प्रत्येक गटाला एक काम देते. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की दहा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. कोणती चांदणी, तुमच्याकडे तिचं नाव काय, कोणत्या महिन्यात दिसते, कोणत्या दिशेला, आणि ती दिसली की कोणतं काम करायचात. पाच प्रश्न आहेत. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. खाली त्यांचं आणि गावाचं नाव घाला, त्यांना विचारून. मग रात्री जुना मोबाईल घेऊन त्यांच्याच सोबत अंगणात जा आणि ती चांदणी पडद्यावर कोणती ते शोधा. सापडली की तिथल्या नावाशेजारी आजीचं नाव लिहून ठेवा. रोज तारे चार मिनिटं आधी उगवतात, महिन्याला दोन तास. या महिन्यात जमलं नाही तर त्याच वेळेला तेच तारे दिसणार नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणि अंगणातला दिवा तेवढा वेळ बंद करा.